वैशाखातलं पाणी

१

वलगावच्या सुभद्राबाईंना कोणी विचारलं, की "बाई, तुमी सोता पाण्यात उतरता का?" तर त्या म्हणत, "मी उतरली तं वर कोण ओढन, तुहा बाप?" विचारणारा फौजदार असला तरी उत्तर हेच.

एकसष्टाव्या वर्षी बाईंजवळ दीड एकर भाजीचं वावर होतं, चौथीपर्यंतचं शिक्षण होतं आणि बुडालेल्यांना वर काढणारं चार माणसांचं पथक होतं. पंधरा वर्षांपूर्वी पेढी नदीत त्यांचा नवरा गेला, तेव्हा लोकांनी पाच दिवस लोखंडी गळ फिरवून त्याला काढला. कसा काढला ते बाईंनी डोळ्यांनी पाहिलं. तेरवी झाली आणि त्यांनी धाकट्या दिराला समोर बसवलं. "देवीदासभाऊ, आता या मुलखात कोणाचंच माणूस गळानं निघणार नाई." देवीदास फुलांच्या शेतीतला, पण पाण्यातला मासा. तो मालवणला जाऊन पाण्याखाली श्वास घ्यायचं शिकून आला. दोर धरणं, हवेचे सिलिंडर सांभाळणं आणि लोकांशी बोलणं हे बाईंनी स्वतःकडे ठेवलं.

पूर्ण तळ पाहून झाला आणि काही नाही सापडलं, की बाई काठावर उभ्या राहून म्हणत, "पाणी मोकळं आहे." मग पोलीस कागद मिटत, गर्दी पांगे. विहीर असली तर दुसऱ्या दिवशी बाया पुन्हा तिथं बादली सोडत. अमरावतीपासून अकोल्यापर्यंत त्या शब्दावर कोणी शंका घेतली नव्हती.

अडचण हवेची होती. सिलिंडर भरायला नागपूर गाठावं लागे. त्यात एक अख्खा दिवस जाई, आणि तो दिवस कोणाची तरी आई काठावर बसून काढी. मागच्या नवरात्रानंतर बाईंनी एकाएकी ध्यास घेतला, की हवा भरायचं मशीन आपलं स्वतःचं पाहिजे. नव्याचा भाव ऐकून देवीदासनं फोन कानापासून लांब धरला. मग जुन्याचा शोध सुरू झाला. मालवण झालं, मुंबई झाली. एक मशीन अर्ध्याच तासात विकलं गेलं, एकाचा नुसता फोटोच खरा निघाला. बडनेऱ्याच्या एका शहाण्यानं तर पंक्चरच्या दुकानातलं मशीन दाखवलं.

"हवा ते हवाच ना, बाई?"

"तुह्या टायरले फुप्फुस असते का रे? हे माणसाच्या छातीत जाते. त्यात तेलाचा, धुराचा कण गेला तं माणूस खालीच झोपून जाते."

नवरात्रात हरवलेल्या एका पोरीची आई, साधना, दर मंगळवारी दुपारी फोन करी. जगाशी भांडणाऱ्या बाईंचा आवाज त्या एका फोनवर बारीक होई.

"मावशी, जेवल्या का?"

"जेवली."

"पाणी मोकळंच होतं ना, मावशी?"

"हाव."

"मंग येईनच थे. जिथं असन तिथं सुखी असन. ठेवते बरं."

फोन ठेवला, की बाई भर उन्हात वावरात जात आणि निंदलेली वांगी पुन्हा निंदत.

२

मशीन शेवटी अकोल्यात सापडलं, जठारपेठेत. पंजाबराव नावाचा ठेकेदार धरणांच्या दरवाज्यांची पाण्याखालची कामं घ्यायचा. आता त्याचे गुडघे गेले होते. घरामागच्या खोलीत चादरीखाली ते झाकून ठेवलेलं होतं.

"घेणारं कोणी नाई इथं," तो म्हणाला. "या कोरड्या मुलखात बुडते कोण?"

"पेपर वाचत जा ना, भाऊ."

बाईंनी आधी तेल पाहिलं, मग पट्टा दाबून पाहिला. हवा गाळायच्या नळीतला कोळसा काढून हातावर घेतला, हुंगला. देवीदासला मशीन चालू करायला लावून त्यांनी पांढरा रुमाल हवेच्या तोंडाशी धरला. पाच मिनिटांनी उजेडात नेऊन पाहिला. डाग नव्हता.

"बाई, तुमी मेकॅनिक आहे का?"

"नाई. मी वांगे विकते. पण सडकं वांगं बाहेरून ओळखते."

पंजाबराव हसला. खाली वाकवत नव्हतं, म्हणून त्यानं काठीनंच खालची तोटी दाखवली. "हवेत ओल असते. दाबली, की तिचं पाणी होते. थे दर दहा मिनिटांनी सोडत जा, नाई तं हवेसंगं सिलिंडरात जाईन." त्यानं तोटी उघडायला लावली. वाटीत दोन थेंब पडले. "हे पाहा. वैशाखात एवढंच. याच्याहून जास्त निघालं तं मशीन मी वापस घेतो."

जुन्या मोटारसायकलीच्या भावात सौदा झाला. परतताना देवीदास म्हणाला, "वयनी, आता कधीच हवा कमी नाई पडणार."

बाईंनी तोंड खिडकीकडे केलं. 

३

वावरातल्या पंपाच्या खोलीत मशीन बसवलं. हवा ओढायचा पाइप बाईंनी खिडकीतून काढून पत्र्याच्या वर, वाऱ्याच्या तोंडाला बांधला. चूल नाही, गाडी नाही, फवारणी नाही. सकाळी दहा वाजता देवीदास हार घेऊन बाजारात गेला होता आणि बाईंनी पहिला सिलिंडर लावला.

दहा मिनिटांनी तोटीखाली वाटी धरली. थेंब पडला, दुसरा पडला, आणि मग धार लागली. वाटी भरली.

सकाळीच पालकाला पाणी सोडलं होतं. ओल तिथूनच आली असणार. बाईंनी पाइप सोडवून शेजारच्या पडीक रानाकडे वळवला. तिथली जमीन अशी उललेली होती, की भेगेत हात जावा. दहा मिनिटांनी लोटा भरला.

त्यांनी पंजाबरावला फोन लावला. "भाऊ, पाणी लय निघून राह्यलं."

"किती? चमचाभर?"

"लोटाभर."

 "बाई, अमरावतीले आज पंचेचाळीस आहे. लोटाभर पाणी तुमच्या विहिरीत तरी आहे का?"

"मी खोटं बोलून राह्यली का?" बाई कडाडल्या, आणि तो शब्द त्यांच्याच कानाला टोचला. फोन त्यांनीच कापला.

दुपारपर्यंत बादली भरली. दारातल्या दोरीवर टाकलेलं लुगडं दहा मिनिटांत वाळून कडक होत होतं आणि आत हवेतून बादलीभर पाणी निघालं होतं. दाबाचा काटा दोनशेवर येऊन सिलिंडर भरला तेव्हा बाईंनी मशीन बंद करून सिलिंडरला हात लावला. हवा दाबून भरली, की सिलिंडर तापतोच, हे त्या लोकांना शिकवत आल्या होत्या. हा गार होता. माठासारखा बाहेरून पाझरत होता.

४

त्यांनी ती बादली सांडली नाही. झाकून ठेवली. दुसऱ्या दिवशी देवीदास आला तेव्हा पाणी निवळलं होतं आणि तळाशी चार बोटं गाळ बसला होता.

वलगावची माती काळी. नखात गेली, की दोन दिवस निघत नाही. हा गाळ करडा होता. देवीदासनं चिमूट घेऊन बोटांत चोळली. खरखरली.

"गिट्टीची भुकटी," तो म्हणाला. मग बोट धोतराला पुसत राहिला, पुसून झालं तरी. "इथं कुठली गिट्टी, वयनी?"

"पत्र्यावरची धूळ असन."

"हाव. असन."

दोघंही एकमेकांकडे पाहत नव्हते. गिट्टीची भुकटी दोघांनी एकाच ठिकाणी पाहिली होती.

नवरात्रात, अकोल्याच्या अलीकडच्या एका बंद पडलेल्या, पाण्यानं भरलेल्या गिट्टीच्या खदानीवर त्यांना बोलावलं होतं. साधनाची प्रणाली, वीस वर्षांची, कपडे धुवायला गेली आणि आली नाही. चप्पल काठावर होती. पथक आदल्या दिवशीच एका धरणावरून आलेलं. दोन सिलिंडर भरलेले आहेत असं बाईंनी सांगितलं होतं. काटा पाहिला नव्हता. त्यांना सगळं तोंडपाठ असायचं, पाहायची गरज काय? दुसरा सिलिंडर पाव भरलेला निघाला. देवीदास वर आला आणि काठाला धरून हळूच म्हणाला, "वयनी, पश्चिमेचा कोपरा राह्यला. तिथं बुडालेली बाभूळ आहे, लोखंडी तारा आहे. हवा संपली."

काठावर तीन-चारशे माणसं होती. पोलीस होते. दिवस कलत होता. "आमची हवा संपली, उद्या येतो," एवढंच म्हणायचं होतं. पण त्या सगळ्या तोंडांकडे पाहताना बाईंच्या जिभेवर जे आलं ते दुसरंच होतं.

"पाणी मोकळं आहे."

देवीदासनं त्यांच्याकडे पाहिलं होतं. मग तो दोर गुंडाळू लागला. तिसऱ्या दिवशी अंग वर येतं, हे बाईंना माहीत होतं. तीन दिवस त्यांनी वाट पाहिली. आलं नाही. म्हणजे पोरगी पाण्यात नव्हतीच, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं आणि उद्याचं जाणं राहून गेलं. तारांत अडकलेलं अंग वर येत नाही, हेही त्यांना माहीत होतं.

पोरगी पाण्यात नाही म्हटल्यावर गावानं दुसरं ठरवलं. पळून गेली. कोणासोबत, तेही गावानंच ठरवलं.

५

बाईंनी गाळायची नळी बदलली. तोटी खोलून साफ केली. मशीनसोबत आलेल्या पुस्तकातल्या इंग्रजीचे फोटो काढून फोनकडून अर्थ लावून घेतला. पाणी का निघावं याची चार कारणं पुस्तकात होती, आणि चारही त्यांनी एकेक करून खोडली.

तिसऱ्या दुपारी मशीन चालू असताना लाइन गेली. पट्टा थांबला. खोली एवढी गप्प झाली, की पत्रा तापून टणकताना ऐकू येत होता.

आणि त्या आवाजाच्या मागे दुसरा एक होता. बारीक, लांब. नळातून वारा ओढल्यासारखा.

बाई बाहेर आल्या. पाइपचं तोंड पत्र्यावरून सोडवून त्यांनी खाली घेतलं आणि त्यावर तळहात ठेवला. मशीन बंद होतं. लाइन नव्हती. पाइपनं तळहात ओढून धरला.

सोडला. थोडं थांबून पुन्हा ओढला.

त्या तशाच उन्हात उभ्या राहिल्या. माणूस श्वास घेतो तसा सोडतोही. सोडलेली हवा तळहाताला लागायला पाहिजे होती. ती एकदाही लागली नाही. आत फक्त घेणं चालू होतं. घाईघाईनं, मग अडखळत, मग पुन्हा घाईघाईनं.

त्यांनी आत जाऊन भरलेल्या सिलिंडरचा काटा पाहिला. दोनशे. तोटी घट्ट होती. साबणाचा फेस लावून पाहिला, एक बुडबुडा आला नाही. समोर पाटावर बसून त्या काट्याकडे पाहत राहिल्या. काटा उतरत होता. एकशेऐंशी. एकशेचाळीस. ऐंशी. पाण्याखालच्या माणसाला एक सिलिंडर किती वेळ पुरतो हे त्यांच्याएवढं कोणाला ठाऊक होतं? मोबाइलवरच्या घड्याळात त्यांनी पाहिलं. चाळीस मिनिटांनी काटा शून्याला टेकला.

मग खोलीत काही वेळ काहीच नव्हतं. आणि रिकाम्या सिलिंडरवर आतून, नखानं वाजवावं तसं, वाजलं.

मंगळवार होता. फोन वाजला. पडद्यावर साधनाचं नाव होतं. बाईंनी तो वाजू दिला, आणि वाजायचा थांबला तेव्हा पायात चप्पल घातली.

६

साधनाचं घर खदानीपासून हाकेच्या अंतरावर, दोन खोल्यांचं. ती दारातच कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती. मावशी स्वतः आल्या म्हणून तिला आनंद झाला, आणि तो आनंद पाहणं बाईंना सगळ्यात जड गेलं.

"बसा ना, मावशी. एवढ्या उन्हात? चहा मांडते."

"चहा नको. बस इथं."

"असं काऊन बोलून राह्यल्या?"

"साधना, मी खोटं बोलली."

साधनाच्या हातात जुडी होती. ती तिनं बांधली, गाठ मारली आणि बाजूला ठेवली.

"पश्चिमेचा कोपरा आम्ही पाह्यलाच नाई," बाई म्हणाल्या. "हवा संपली होती. माह्या चुकीनं संपली. मले लोकायसमोर सांगाची लाज वाटली. पाणी मोकळं आहे का नाई, मले तेव्हाही ठाऊक नव्हतं, आताही नाई."

साधनानं दुसरी जुडी उचलली आणि तशीच खाली ठेवली.

"आठ महिने," ती म्हणाली. "आठ महिने मी रोज दोन भाकरी जास्त टाकून राह्यली. नळावर बाया मले पाहून हसतात, तरी मी म्हणते, हसा, माही पोरगी जित्ती तं आहे. तिच्या बापानं तिचे कपडे जाळले, मावशी. म्हणे, माह्या घराचं नाक कापलं तिनं." तिचा आवाज चढला नाही. "अन् थे बिचारी तिथंच? घरापासून एवढ्याशा लांब?"

"पाहिजे तं मार मले."

"तुमाले मारून काय करू? हात आहे का मले तेवढे?" ती उठली. पदरानं हात पुसले. "काढा तिले आता. तुमी येता म्हणून सांगू नका कोणाले. गर्दी नको. गर्दी पाहून तुमची जीभ फिरते."

असं पंधरा वर्षांत बाईंना कोणी ऐकवलं नव्हतं. त्यांनी मान खाली घालून ऐकलं.

७

त्या मशीनची हवा बाईंनी देवीदासच्या तोंडाला लागू दिली नाही. माणूस पाठवून नागपूरहूनच दोन सिलिंडर आणले. काटे तीनदा पाहिले, मग देवीदासलाही पाहायला लावले.

गुरुवारी सकाळी नऊला ते खदानीवर पोचले. पथकातले दोघं गाडीपाशी थांबले. उन्हाळ्यानं पाणी खाली गेलं होतं, हिरवं आणि जाड झालं होतं. पश्चिमेच्या कोपऱ्यात बुडालेल्या बाभळीचा शेंडा वीतभर वर आला होता. साधना मागच्या दगडावर बसली. घरच्या माणसानं दोराला हात लावायचा नाही, हा पथकाचा नियम बाईंनी तिला सांगितला. तिनं मान हलवली.

देवीदासनं कमरेला दोर बांधला. "एक झटका दिला तं ठीक. तीन दिले तं सापडलं, ओढा," त्यानं नेहमीसारखं म्हटलं, आणि पाण्यात गेला.

बाई दोर सोडत राहिल्या. वर त्याचे बुडबुडे फुटत होते आणि सरळ पश्चिमेकडे सरकत होते. वारा नव्हता. कुठं पक्षी नव्हता. दहा मिनिटं गेली. एक झटका आला. ठीक.

मग बाभळीच्या शेंड्यापलीकडे, देवीदासपासून चांगलं पंधरा-वीस हात दूर, पाणी फुटलं. एक मोठा बुडबुडा. थांबून दुसरा. मग ओळीनं, माणसाच्या श्वासाच्या अंतरानं.

साधना उठून उभी राहिली. "मावशी, भाऊ तं इकडं आहे ना?"

"हाव."

"मंग तिकडं कोण आहे?"

गाळात वायू असतो, उन्हानं तापला की वर येतो. हे उत्तर बाईंनी अनेक काठांवर, अनेक आयांना दिलं होतं. ते तोंडाशी तयार होतं.

"मले माहीत नाई, साधना," त्या म्हणाल्या.

दोराला झटका बसला. दुसरा. तिसरा.

बाईंनी पाय रोवले आणि ओढायला लागल्या. जड होतं. दोघांचं वजन असतं तेवढं होतं. चार हात दोर वर आला असेल नसेल, की पूर्वेच्या बाजूला, अगदी काठाजवळ, पाणी उसळलं आणि देवीदास वर आला. त्यानं तोंडातली नळी काढून फेकली. त्याच्या कमरेला काही नव्हतं.

"वयनी!" तो खोकत होता. "दोर तारेत गुतला. गाठ सोडून आलो मी. कवाचा सोडला. खाली हात दिसत नाई सोताचा."

बाईंच्या हातातला दोर हलला. तीन वेळा.

त्यांची बोटं सैल झाली. तेवढ्यात मागून दोन हात आले आणि दोर धरला. साधनानं धरला होता.

"सोडू नका," ती म्हणाली.

"अवं, देवीदास वर आहे."

"पाह्यलं मी. ओढा."

"साधना, आठ महिने झाले. तिथं जे असन थे..."

"मी तुमाले इचारलं का, काय असन म्हणून? ओढा म्हटलं ना."

दोघींनी ओढलं. दोर हातभर आला. मग खालून, अजिबात जोर न लावता, कोणीतरी तो तेवढाच परत घेतला आणि थांबलं. जणू आता वरच्यांची पाळी. देवीदास काठावर चढून बसला होता. तो हात जोडून काहीतरी म्हणत होता, ते ऐकू येत नव्हतं. बाभळीपलीकडचे बुडबुडे आता बाभळीच्या अलीकडे आले होते.

"ये," साधना म्हणत होती. जेवायला हाक मारावी तशी, साध्या आवाजात. "ये बाई, ये. कोणी काई म्हणत नाई तुले. ये."

बाईंचे तळहात सोलले होते. त्यांना डोळे मिटायचे होते. पण मागच्या वेळी न पाहताच बोलल्या होत्या, म्हणून मिटले नाहीत. दोर एकेक हात येत गेला, ओला, करड्या भुकटीनं माखलेला. शेवटी पायाशी, हिरव्या पाण्यात हातभर खाली, त्याचं टोक दिसलं.

ते तारेत गुंतलेलं नव्हतं. ते धरलेलं होतं.